छताला विचारणारी पहार

ज्या वर्षी वासिंगच्या थोरल्या लेकीचे, सिनायचे, पासकिंगशी लग्न झाले आणि आजूबाजूच्या साऱ्या वाड्या डुकराचे मटण खाऊन तृप्त झाल्या, त्याच वर्षी मी पहार झाले. त्याआधी मी कोण होते, हे ऐकाल तर तुम्हाला गंमत वाटेल.

मित्रांनो, मी फिलिपिन्समधल्या बेंगेतच्या डोंगरातली एक जुनी, जराशी वाकलेली पहार आहे. माझे अंग सहा बाजूंचे आहे आणि पोटातून एक बारीक नळी आरपार गेलेली आहे. पहारीला नळी कशाला? तर ती माझ्या पहिल्या जन्माची खूण. तेव्हा मी एका मोठ्या खाणीत खडक भोसकणारी सळई होते. यंत्र मागून धडाधड ठोसे देई, मी गरगर फिरत दगडात शिरे आणि नळीतून आलेले पाणी धूळ जागीच बसवी. ते यंत्र रेटणारे होते वासिंग. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान नेले. पुढे खाण बंद पडली, माझे टोक तुटले आणि आम्ही दोघे एकदमच घरी आलो. लोहाराने मला तापवून एक टोक चपटे केले, दुसरे अणकुचीदार केले.

आता माझे काम निराळे होते. जावयाने, म्हणजे पासकिंगने, डोंगरात स्वतःचा बोगदा धरला होता. समोरच्या खडकाला तो आधी मधोमध भोके पाडी, मग कडेने, शेवटी तळाशी. भोकात सुरुंगाची कांडी सारून वर ओल्या मातीचा बोळा लाकडी काठीने ठासायचा. लोखंडाने ठासले तर ठिणगीचे भय. मधल्या भोकांच्या वाती आखूड, कडेच्या लांब. का? मधला खडक आधी फुटून जागा मोकळी झाली, की कडेचा त्या पोकळीत कोसळतो. बाहेर उभे राहून सगळे बार मोजायचे. कानाने ऐकू येत नसे, म्हणून वासिंग अनवाणी उभे राहून तळपायांनी मोजत. एक जरी कमी भरला, तरी आत पाऊल टाकायचे नाही.

धूर निवला की माझी पाळी. आत जाऊन छताला ठोकायचे आणि सुटलेला दगड उचकटून खाली पाडायचा. घट्ट दगड ठणठणतो, सुटा दगड बद्द वाजतो. एवढे तर कुणालाही कळते.

एके दिवशी पांढऱ्या दगडाच्या शिरेत सोने लागले. असे भरघोस लागले की आमच्याकडे एकट्याने खायचे नसते. बोगदा सर्वांना खुला करायचा. विधवा, म्हातारे, शेजारी, वाटसरू, जो येईल त्याने आपली टोपली भरून न्यायची. जो लोकांना बोगद्याच्या तोंडाशी ताटकळत ठेवतो त्याच्यावर डोंगर रुसतो, असे सारे मानतात. पहाटे कोंबडी कापून शकुनासाठी तिचे पित्त पाहिले, ते फुगीर निघाले म्हणजे कौल चांगला; शेवटचे बार उडवले, आणि उन्हे वर येईपर्यंत बोगद्याच्या तोंडाशी टोपल्यांची रांग लागली.

पासकिंगने मला उचलले आणि शिरेच्या वर ठोकले. ठण्! पुन्हा ठण्!

"खणखणीत आहे, मामा. बोलावतो सगळ्यांना."

वासिंगनी नेहमीसारखे त्याच्या ओठांवरून बोलणे ओळखले आणि मला त्याच्या हातातून घेतले. उजव्या हाताने माझा ठोका दिला आणि डावा तळवा छताला लावला. मग हात हलवून नकार दिला.

"हललं."

"काय हललं? मी ऐकलं ना! तुम्हाला तर घरचा कोंबडाही ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही म्हणूनच हात लावतोय. दगड जाड आहे, म्हणून खणखणतोय. पण अख्खा सुटलाय."

"पित्त फुगीर निघालं, सगळ्यांनी पाहिलं!"

"पित्त सोन्याबद्दल बोललं. छताचं कुणी विचारलं होतं?"

बाहेरून कोलासचा आवाज आला. ही शेजारची विधवा, जिभेने तिखट. "काय गं तामाय, तुझा नवरा आधी स्वतःच्या लुंगीत भरून घेतोय वाटतं!"

तामाय, वासिंगची बायको, तिथेच टोपली घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला. "अहो, ऐकताय का? लोक काय काय बोलतायत!"

पासकिंग सासऱ्याच्या अगदी तोंडासमोर आला आणि ओरडला, "मामा, साऱ्या गावात नाव जाईल आपलं!"

वासिंग म्हणाले, "जाऊ दे. नाव परत आणता येतं."

तपासलेल्या, पक्क्या छताखाली पाय रोवून त्यांनी माझे चपटे टोक एका केसाएवढ्या फटीत घातले आणि रेटले. काही झाले नाही. बाहेर हशा पिकला. त्यांनी पुन्हा रेटले. मी वाकू लागले, तसा पासकिंग धावला. सासऱ्याच्या तळव्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण म्हातारा एकटा झुंजतोय हे त्याला पाहवेना. दोघांचा भार पडला आणि छत करकरले.

"मागे!" वासिंग ओरडले.

आधी माती झरली. मग बैलगाडीएवढा दगड एका तुकड्यात खाली बसला, नेमका शिरेच्या पुढ्यात. माझे टोक त्याखाली चेपले गेले. धूळ बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडली आणि हसणे थांबले.

कोलास सर्वांत आधी आत आली. दगडाकडे पाहत राहिली.

"सगळ्यात पुढे मीच बसणार होते," ती हळूच म्हणाली. मग एकदम वासिंगवर ओरडली, "मग आधी सांगायचं ना मेल्या, की हात लावून कळतं!"

दगड फोडून शीर मोकळी करायला दिवस मावळला. कुणी परत गेले नाही. टोपल्या भरायला सुरुवात होण्याआधी पासकिंगने नव्या छतावर ठोका दिला, आणि या वेळी डावा तळवा वर लावला.

आज मी सिनायच्या डुकरांच्या खोपटाचे दार अडवून उभी आहे. गंज चढला आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. मित्रांनो, मला तेल लावू नका, हवे तर. पण डोक्यावरचे जे काही असेल, त्याच्या नुसत्या आवाजावर जाऊ नका. बाहेर माणसे कितीही हसोत, आधी हात लावून पाहा.

त्या दिवशी बोगद्यात कुणीही मेले नाही. वासिंग वारले ते सात वर्षांनी, कॉफीची फळे तोडायच्या दिवसांत, भर दुपारी, आपल्या घरी. तामाय त्याच्या पुढच्या वर्षी गेली, भाताची लावणी आटोपल्यावर.