दोनदा वाजली तर चहा

घंटी वाजली तेव्हा टर्बाइनबाईंच्या हातात नवऱ्याचे बूट होते. कोणाला द्यावेत की ठेवावेत, अशा विचारात त्या पलंगावर बसल्या होत्या, आणि कपाटामागच्या भिंतीतून ‘टर्रर्र’ झालं. बूट हातातून गळले.

“दारावर कोण आहे बघतो,” मुलगा उठला.

“दारावरची नाही रे ती,” त्या कशाबशा म्हणाल्या. “बॉयलरकडची आहे.”

आईचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेने मुलाने पाहिलं. शेजारचे बॉयलरकाका जाऊन आठवडा झाला होता, आणि बाबांना जाऊन वर्ष.

दोघे एकाच कॉलेजचे, एकाच वर्षाचे इंजिनियर. एकाच वीजकेंद्रात लागले. एकाने टर्बाइन सांभाळलं, दुसऱ्याने बॉयलर, आणि वसाहतीने त्यांची खरी नावंच पुसून टाकली. बायकाही मग टर्बाइनबाई आणि बॉयलरबाई झाल्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी या दोन वल्लींनी एका घरातून दुसऱ्या घरात तार ओढून घंट्या बसवल्या. एकदा वाजली तर ड्यूटीला निघालो, दोनदा वाजली तर चहाला ये. लग्नं झाल्यावर तीनदाची भर पडली : बायको भडकलीय, फिरकू नकोस. काय एकेक थेरं!

मग एकदा केंद्रातल्या बॉयलरची नळी फुटली आणि एक फिटर भाजून मेला. चौकशीत टर्बाइन खरं तेच बोलले : बंद करा म्हणून मी सांगितलं होतं, याने ऐकलं नाही. बॉयलरकाकांची बढती गेली ती गेलीच. घंटी मुकी झाली. दोघे म्हातारे झाले, एकाच रस्त्याच्या दोन कडांनी फिरायला जायचे, पण एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत. भांडण त्यांचं, आणि तोंडं शिवली गेली बायकांची. टर्बाइन गेले तेव्हा शेजारून कोणी आलं नाही. मग आता आपण तरी का जावं, असं टर्बाइनबाई आठवडाभर मनाला बजावत होत्या. आत जीव तुटत होता तो वेगळाच.

घंटी पुन्हा वाजली. या वेळी दोनदा.

“तारेत ओल गेली असेल,” म्हणत मुलाने कपाट सरकवलं आणि भिंतीवरची लाकडी पेटी उघडली. आतल्या बॅटऱ्यांवर बाबांच्या अक्षरात तारीख होती, ते गेले त्याच महिन्यातली.

“दरवर्षी नव्या बॅटऱ्या आणायचे,” त्या म्हणाल्या. “ विचारलं तर म्हणायचे, घड्याळाच्या आहेत.”

“आई, या बॅटरीवर फक्त आपल्याकडची घंटी वाजते. काकांनी बटण दाबलंच, तर ऐकू यावं म्हणून…”

“अहो, मग स्वतः दाबायला काय हात झडले होते तुमचे?” त्या जमिनीवर पडलेल्या बुटांना म्हणाल्या आणि घळाघळा रडायला लागल्या. मग तोंडही न पुसता तशाच शेजारी गेल्या.

बॉयलरबाई बटणापाशी फडकं घेऊन उभ्या होत्या.

“वाजली?” त्यांनी घाबरत विचारलं. “धूळ पुसताना दाबलं गेलं हो. मग म्हटलं, दोनदा दाबून बघावं. तुम्ही याल असं वाटलं नव्हतं.”

“मी आधीच यायला हवं होतं, वहिनी.”

“मीसुद्धा. तुमचे गेले त्या दिवशी हे दारापर्यंत गेले, चपला घातल्या, परत काढल्या. मला म्हणाले, आता कुठल्या तोंडाने जायचं?” त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. “पलंग त्या घंटीच्या भिंतीला लावून घेतला होता. म्हणे, इथे वारा येतो. त्या भिंतीला खिडकी तरी आहे का, सांगा! बॅटऱ्या मात्र नेमाने बदलायचे. तुमचे गेल्यावरही बदलल्या हो.”

तेवढ्यात आतल्या खोलीत घंटी वाजली. एकदा, आणि पुन्हा एकदा. पलीकडे मुलाने बाबांचं बटण दाबून पाहिलं होतं.

बॉयलरबाई जुन्या सवयीने गर्रकन वळल्या आणि आत हाक मारून म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का? चहाला बोलावतायत!”

पलंगावर कोणी नव्हतं. तरी दोघी बराच वेळ तिकडे बघत राहिल्या, उठतील म्हणून.