सोजीतला स

पूर्वीची माणसं खणखणीत बोलायची, असं भुवनेश्वरीबाईंचं ठाम मत होतं. शुक्रवार पेठेत खालच्या बोळातून भाजीवालीनं हाक दिली, तर माडीवर भावसुद्धा कळायचा. हल्ली सगळेच तोंडात गूळ धरल्यासारखे बोलतात. टीव्हीवरचे, बँकेतले, आणि सगळ्यांत जास्त त्यांची सून धनलक्ष्मी.

नणंद काशम्मा महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती, म्हणून नात सृष्टी त्यांना होटगीला घेऊन निघाली होती. गाडी जुनीच घेतलेली, पण आतलं गाण्याचं यंत्र नवं कोरं. आसरा चौक मागं पडला तशी सृष्टीनं गाडी कडेला घेतली आणि पडद्यावरच्या उभ्या रेघा बोटानं वरखाली करत बसली.

"हे बघ आज्जी. रेडिओचं वेगळं ठेवायचं, पेनड्राइव्हचं वेगळं, फोनचं वेगळं. एकच सेटिंग सगळ्यांना चालत नाही."

"आमच्या रेडिओला एकच बटण होतं. पिरगाळलं की झालं."

"म्हणून तुम्ही सगळे ओरडून बोलता की!" सृष्टी हसली. "आता पेनड्राइव्ह. यात आजोबांनी म्हटलेली शरणांची वचनं आहेत. जुन्या कॅसेटवरनं उतरवलीत मी."

मल्लिनाथरावांचा आवाज गाडीत घुमला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. भुवनेश्वरीबाईंनी पदर सावरला, जणू ते खरंच समोर येऊन बसले होते. पण आवाज घागरीत तोंड घालून म्हटल्यासारखा येत होता. सृष्टीनं डावीकडच्या रेघा खाली ओढल्या, उजवीकडच्या वर नेल्या.

"आता?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडं की गं."

"आज्जी, माझ्या कानात सुया टोचतायत!"

"कसल्या सुया? आत्ता कुठं शब्द लागले."

सृष्टीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग जरा जपूनच म्हणाली, "तुला वरचे आवाज येत नसतील. स, श, फ हे या उजवीकडच्या रेघांत असतात. ते गळाले की समोरचा पुटपुटतोय असं वाटतं."

"माझे कान खणखणीत आहेत. पाखरू बसलं तरी कळतं मला."

तेवढ्यात फोन वाजला. धनलक्ष्मीनं आवाजी निरोप पाठवला होता. सृष्टीनं तो गाडीवरच लावला. फोनचं सेटिंग तिच्या आवडीचं, धडधडणारं. त्यातून सुनेचा आवाज आला: "सृष्टी, पोचल्यावर ओझी आधी उतरव गं."

पुढचं ऐकायच्या आतच भुवनेश्वरीबाईंच्या अंगाची आग आग झाली. "ऐकलंस? ओझी उतरव म्हणते तुझी आई! माझ्या नातीलाच सांगते!"

"ओझी?" सृष्टी बघतच राहिली. "सोजी, आज्जी! सोजी! मागच्या पिशवीत डबा आहे की, काशम्मा आज्जीसाठी."

"मला शिकवू नकोस. हा शब्द मी तिच्या तोंडून आधीही ऐकलाय."

ऐकला होताच. तीन वर्षांपूर्वी मल्लिनाथरावांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. भुवनेश्वरीबाई मधल्या खोलीत त्यांचे पाय चेपत होत्या. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या मारत होता आणि धनलक्ष्मी फोनवर आईशी बोलत होती. "ही ओझी एकदा उतरवली की निवांत बोलते." दोन ओझी. एक खाटेवर, दुसरं त्याच्या पायाशी. दारापर्यंत चार पावलं होती. त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळानं सून गव्हाच्या रव्याची पातळ, वाफाळती सोजी घेऊन आली, तेव्हा मल्लिनाथरावांनी तोंड उघडलं होतं. भुवनेश्वरीबाईंनी वाटी तशीच परत पाठवली. पुढं स्वतः पेज शिजवून घातली. ते वीस दिवसांनी गेले. सोजी त्यांना फार आवडायची.

"थांब," सृष्टी म्हणाली, "आजोबांच्या वचनांचं सेटिंग फोनलाही लावते."

तोच आवाज पुन्हा आला. पातळ, टोकदार, पण लख्ख. "सृष्टी, पोचल्यावर सोजी आधी उतरव गं. गूळ घातलाय, साखर मानवत नाही त्यांना."

"पुन्हा लाव. तुझ्या सेटिंगवर."

ओझी.

"आता माझ्या."

सोजी.

असं तीनदा झालं. सृष्टीला गंमत वाटत होती. चौथ्यांदा लावायला तिनं बोट पुढं केलं, तर आज्जीनं तिचं मनगट धरलं. "पुरे. गाडी काढ."

उरलेल्या वाटेत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. सून कुकरखालचा गॅस बंद करून सोजी उतरवणार होती, एवढंच. आणि त्यांनी काय केलं? काशम्माला सांगितलं. काशम्मानं मल्लिनाथरावांच्या दुखवट्याला, भरल्या घरात, धनलक्ष्मीला विचारलं, "उतरलं का गं तुझं ओझं?" चहाचा ट्रे धरून सून उभीच राहिली होती. तिला काहीच कळलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं होटगीत पाऊल ठेवलं नाही. भुवनेश्वरीबाईंनी आपली चूल वेगळी मांडली. आणि तीच सून आज काशम्माला गूळ मानवतो की साखर, हे ध्यानात ठेवून डबा पाठवत होती.

काशम्मा उशाला टेकून बसली होती. शेजारची मायाक्का पायाशी होती. भुवनेश्वरीबाईंनी डबा उघडून पुढं ठेवला.

"काय आणलंस, वैनी?"

"सोजी."

"ओझी? कसली ओझी?"

भुवनेश्वरीबाईंचा हात झाकणावरच थांबला. सांगितलं नाही तरी चालणार होतं. डबा ठेवून उठता आलं असतं.

"अक्का," त्या हळूच म्हणाल्या, "मलाही तसंच ऐकू आलं होतं."

"आँ? मोठ्यानं बोल की! तोंडात गूळ हाय का तुझ्या?"

मग त्यांना मोठ्यानंच सांगावं लागलं. "धनलक्ष्मी ओझी म्हणाली नव्हती! सोजी म्हणाली होती! मी चुकीचं ऐकलं!" घरामागच्या रुळावरून मालगाडी धडधडत निघाली, म्हणून सगळं दुसऱ्यांदा, आणखी वरच्या पट्टीत. मायाक्कानं ऐकलं, दारातल्या दोघी-तिघींनी ऐकलं. सृष्टीनंही ऐकलं. आई इकडं का येत नाही, हे तिला आज कळलं. नातीकडं बघायचं धैर्य भुवनेश्वरीबाईंना झालं नाही.

काशम्मानं डब्याकडं नेलेला हात मागं घेतला. "म्हंजे मी त्या पोरीला चारचौघींत…"

"व्हय, अक्का. माझ्यामुळं."

"मग ही आता कुठल्या तोंडानं खाऊ मी?"

"खा. गरम आहे तोवर."

अंगणात येऊन त्यांनी नातीपुढं हात केला. सृष्टीनं आईला फोन लावून दिला.

"धनलक्ष्मी? मी बोलते. सोजी उरलीय का घरी?"

उत्तराची वाट न बघताच त्या पुढं म्हणाल्या,

"असली तर मला ठेव. संध्याकाळी तुझ्या हातची खाईन म्हणते. आणि खाण्याआधी मला तुला काही सांगायचंय. तुला, आणि ह्यांच्या फोटोलाही."

सून काहीतरी म्हणाली. लांबलचक म्हणाली, मध्ये थांबली, पुन्हा म्हणाली. रडत होती की रागावली होती, कोण जाणे. भुवनेश्वरीबाईंना त्यातलं अर्धंमुर्धं लागलं, आणि उरलेलं जुन्या सवयीनं मन आपोआप जुळवायला लागलं.

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय म्हणालीस? मला ऐकू येत नाही गं. पुन्हा सांग."