ठिगळे मिरवणारा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. मोटारसायकलची माहिती देणारा, रंगीत, भिंतीवर टांगायचा. माझे कोपरे फाटले आहेत आणि रंग उडाला आहे. तरी मी मान खाली घालणाऱ्यांतला नाही.

शाळांसाठी तक्ते छापणाऱ्या एका छापखान्यात मी जन्मलो. मला काढणाऱ्या चित्रकार बाईंनी त्याआधी फुलांचे, पक्ष्यांचे आणि माणसाच्या दातांचे तक्ते काढले होते. मोटारसायकल मात्र त्यांनी कधी चालवली नव्हती. म्हणून त्या आठवडाभर थोरल्या बहिणीच्या गॅरेजमध्ये उलट्या डब्यावर बसल्या. ताई एकेक भाग सुटा करून हातात देत आणि बाई तो कागदावर उतरवत. चेनची कडी न कडी त्यांनी मोजून काढली.

मी छापून तयार झालो, तेव्हा ताई मुद्दाम पाहायला आल्या. पाहता पाहता त्यांचे बोट थांबले.

"अगं, डाव्या पायाखाली ब्रेक? माझ्याकडे बसून हेच शिकलीस का?"

बाईंचा चेहरा उतरला. डावीकडे गिअर हवा होता आणि उजवीकडे मागचा ब्रेक. नावांची अदलाबदल झाली होती.

मालक म्हणाले, "हजार प्रती छापून झाल्यात, बाई. एवढं बारीक कोण बघतंय? बांधा गठ्ठे."

"शिकणारा बघतो, साहेब. आणि ऐन वेळी चुकीचा पाय दाबतो."

"मग काय, ठिगळं लावून विकू? हसतील लोक!"

"हसू देत. चूक माझी आहे. ती दुरुस्त झाल्याशिवाय एकही तक्ता इथून हलणार नाही." असे म्हणून बाईंनी खुर्ची ओढली आणि दारातच ठाण मांडले.

मालकांनी आदळआपट केली, पण शेवटी हात टेकले. तीन दिवस दोघी बहिणी खाली मुंडी घालून चिठ्ठ्या डकवत होत्या. गार खळीचा तो स्पर्श मला अजून आठवतो. माझ्यावर दोन ठिगळे बसली आणि मी खरे बोलू लागलो.

पुढे मी गाडी शिकवणाऱ्या एका शाळेत गेलो. तिथले मास्तर प्रत्येकाला माझ्यासमोर उभे करत आणि फरशीवर पाय आपटून म्हणायला लावत, "डावा गिअर, उजवा ब्रेक!" माझ्या ठिगळांवर पोरे फिदीफिदी हसत. हसेनात का! माझ्यासमोरून गेलेल्या एकाचाही पाय चुकला नाही.

मग एक चकचकीत तक्ता आला. त्यावर शर्यतीची गाडी होती आणि मागून ज्वाळा निघत होत्या. माझी रवानगी दारामागे झाली. दार उघडले की कडी माझ्या पोटात बसे. मला संताप येई. त्या नव्यावर ज्वाळा होत्या, पण ब्रेकचा पत्ता नव्हता!

एके दिवशी पन्नाशीच्या एक टपालवाल्या मावशी शिकायला आल्या. टपाल वाटायला त्यांना मोटारसायकल मिळणार होती. जागा मिळाली ती दाराजवळ. त्या माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या.

"मास्तर, या टायरवरचा बाण उलटा आहे."

वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "अहो, पंधरा वर्षं हा तक्ता इथे आहे. कुणाला नाही दिसलं ते!"

"मला दिसलं ना! गाडीचं तोंड उजवीकडे आणि चाक फिरतंय मागे. अशी गाडी टपाल कसं पोचवणार?"

मास्तरांनी चष्मा लावला. दार लोटून त्यांनी माझ्या बाणावरून बोट फिरवले. आता मला रद्दीत टाकणार, असे मला वाटले. पण मास्तर हसले. त्यांनी कागदाचा तुकडा कापला आणि पेन मावशींच्या हाती दिले. "काढा सरळ बाण. तुम्हीच काढा."

मावशींनी तो काढून माझ्यावर डकवला. मास्तरांनी फळ्याशेजारी खिळा ठोकून मला तिथे टांगले.

मित्रांनो, जुने झाले म्हणून कुणाला दारामागे ढकलू नका. आणि मला जपायचे असेल, तर काचेत कोंडू नका. माझ्यासमोर उभे राहा, डोळे फाडून पाहा. चूक दिसली तर खुशाल मोठ्याने सांगा. ठिगळांना माझ्या अंगावर अजून पुष्कळ जागा आहे.