घराण्याचा ताठा

तंजावरकडच्या मेलकावेरीत सगळे म्हणायचे, मुकुंदरावांच्या घरच्यांना ताठा फार. पूर्वज कधीकाळी तंजावरच्या दरबारी होते, तो दरबार अजून यांच्या तोंडावरून उठलेला नाही. लग्न असो की मर्तिक, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. भारती सून होऊन आली तेव्हा तिनेही ते खरं मानलं. मग डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, गिरीशला, मूठ घट्ट मिटून उघडायला सांगितली. मूठ उघडेचना. स्नायूंचा आजार निघाला, बापाकडून आलेला; चेहरेही त्यानेच थिजलेले.

"म्हणजे ताठा गेला आमचा," मुकुंदराव म्हणाले. ते हसत होते की नाही, हे लग्नाला सात वर्षं होऊनही भारतीला कळत नसे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी गिरीशला चेहऱ्यांचे फोटो दाखवले. आनंद त्याने अचूक ओळखला. भीतीचे सहाच्या सहा चुकले. या आजारात काहींना असं होतं, डॉक्टर म्हणाले.

ते सहा फोटो भारतीच्या मनात रुतून बसले. सोमवारपासून तिला आडुतुरैच्या शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि साडेतीन वर्षांची लेक लावण्या दिवसभर गिरीशपाशी राहणार होती.

"परक्यांची तोंडं ती," गिरीश म्हणाला. "आपल्या माणसांचं कळेल की."

म्हणून तिने आपल्या माणसांचे फोटो काढायला घेतले. आधी मुकुंदरावांना रागवायला सांगितलं.

"अजून थोडं रागवा, मामंजी."

"रागावलोय की! केव्हाचा!"

तो फोटो पुसावा लागला.

शनिवारी तिने केलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ती दाराआड दडली, लावण्या आत येताच जोरात ओरडली आणि फोटो काढला. पोर किंचाळली. तिला शांत केल्यावर भारतीने फोन गिरीशपुढे धरला.

तो बराच वेळ बघत राहिला. "खेळतेय. खूष आहे. बरोबर ना?"

शाळेला कळवायचा नकार भारतीने फोनमध्ये लिहून ठेवला. धाडायचा तेवढा बाकी होता.

रविवारी गल्लीतून प्रेतयात्रा निघाली. ढोल घुमत होते, आणि इकडच्या रीतीप्रमाणे अगदी दारासमोर फटाक्यांची माळ लागली. लावण्या आईपासून दोन हातांवर होती, पण आईकडे आली नाही. ती धावत गिरीशकडे गेली आणि त्याचा तळहात उचलून तिने आपल्या छातीवर दाबला.

"अप्पा, बघ."

गिरीशने डोळे मिटले. "भ्यालीस. फार भ्यालीस गं." त्याने तिचा हात मुठीत धरला आणि तिला कुशीत घेतलं.

माळ संपली. लावण्याला सुटायचं होतं, पण मूठ सुटेना. तिने ओढाताण केली नाही, मोजायला लागली. नवाला बोटं सैल झाली.

"हे कुणी शिकवलं तुला?" भारतीने विचारलं.

"तोंड बघून अप्पाला कळत नाही," लावण्या म्हणाली. "तुला ठाऊक नाही?"

भारतीने नकार पुसला, शनिवारचा फोटोही पुसला.

सोमवारी सकाळी ती दारात उभी राहून तिसऱ्यांदा सगळं सांगत होती: दूध कुठे, गेटची कडी, शेजाऱ्यांचा नंबर. गिरीशने तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग हात पुढे केला. तिने आपलं मनगट त्यात दिलं. नाडीवर त्याची बोटं मिटली.

"अगं, तू तर हिच्याहून भ्यालीस!"

"बस निघेल. सोडा आता."

मूठ सुटेना. मागे दूध पीत बसलेली लावण्या मोजू लागली.