पॉलिशला गेलेलं रेलिंग

अंगठ्याला खाच लागली. रेलिंगच्या पोटाशी, भिंतीकडच्या बाजूला, नखाएवढी, एका कडेने गुळगुळीत आणि दुसऱ्या कडेने किंचित बोचरी – आणि ती तिथेच थांबली, वरच्या पायऱ्यांवर, एक पाय खाली टाकायच्या बेतात... ही खाच ओळखीची होती. डोळ्यांना नव्हे. डोळ्यांना दिसत होतं ते नवंकोरं, चकचकीत लाकडी रेलिंग, नव्या घराच्या नव्या जिन्याला शोभेल असं. पण अंगठा म्हणत होता, आपण भेटलोय.

कुठे, तेही त्याला ठाऊक होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, असाच दोन भिंतींमधला जिना. तिथेही ती अशीच तपासणीला गेली होती, कारण बांधकाम खात्यात तपासनीस दोनच आणि दुसऱ्याचे गुडघे असे की माडी असलेलं प्रत्येक घर आपोआप हिच्या वाट्याला. यंदा नियम बदलले – जिन्याला वरपासून खालपर्यंत अखंड रेलिंग हवं, सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या हव्यात, झोपायच्या खोलीबाहेर धुराची घंटा हवी – आणि त्या घरात हे सगळं पाहून, हाताळून तिने सही केली होती. काल तिथल्या न्हाणीघरातलं एक चुकीच्या जागी बसवलेलं बटण हलवलं की नाही ते बघायला पुन्हा गेली, तर जिन्याची भिंत मोकळी. पुट्टी भरलेली भोकं तेवढी राहिलेली. रेलिंगचं विचारलं तर घरमालकीण म्हणाली, ‘‘पॉलिशला नेलंय,’’ आणि इतक्या सरळपणे म्हणाली की पुढे विचारायची हिलाच लाज वाटली.

म्हणजे पॉलिशला गेलेलं रेलिंग इथे कामावर रुजू झालं होतं.

आधी हसू आलं. मग हसू कुठेतरी अडकलं, कारण खालून दिवाणखान्यातून मामाचा आवाज आला. ही दोन्ही घरं बांधणारा तिचा सख्खा मामा. त्याची सगळी घरं एका साच्यातली, तेवढ्याच पायऱ्या, तेवढाच जिना, आणि लोक त्यावरून त्याची थट्टा करायचे, की बाबा, एकदा तरी खिडकी उजवीकडची डावीकडे घे! तोही हसायचा. आता कळलं तो कशाला हसायचा. एक रेलिंग, सगळ्या घरांना मापात.

डोळे मीट – हे त्यानेच शिकवलं होतं. वडील गेल्यावर आई तिला घेऊन भावाच्या घरी राहायला आली, आणि शाळा सुटली की ही मामाच्या कामावर, हातात पट्टी, दिसेल ते मोजत. म्हणून नाव पडलं फूटपट्टी. ‘‘डोळे मीट आणि भिंतीवरून हात फिरव,’’ तो म्हणायचा. ‘‘डोळा लबाड असतो. हात खोटं बोलत नाही.’’ ओल्या गिलाव्याचा तो गारवा, आणि हाताला उंचवटा लागला की मामाची पाठीवर थाप... त्या थापेसाठी मी उन्हातान्हात दिवस दिवस काढले. आज गुरूची विद्या गुरूला फळली, आणि थाप द्यायला कोणी नाही.

खालून कोणीतरी वर येत होतं, हळूहळू. इथल्या घरमालकिणीचे वडील. जन्मभर शिंपीकाम केलेले, आता हात थरथरतात, पण उजेड चांगला म्हणून त्यांनी स्वतःसाठी वरचीच खोली मागून घेतली होती. ती समोरच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. जिन्यावर कोणी आलं की भिंतीला चिकटायचं, ही सवय मामाच्या घरातली. त्या घरात कोणी मारलं नाही, ताटात कमी वाढलं नाही, फक्त कोणी आलं की मामा म्हणायचा ‘‘ऊठ’’, की ही उठायची. पुढे पुढे तर तो शब्द पुरा व्हायच्या आतच. खुर्चीच्या कडेवर बसायला ती तिथेच शिकली, आणि अजूनही, स्वतःच्या कचेरीत, स्वतःच्या खुर्चीत... छे.

‘‘ही दांडी फार चांगली लावली हो, बाई,’’ शिंपीकाका दोन्ही हातांनी रेलिंग धरून म्हणाले. ‘‘जुन्या घरात मी जिना बसून उतरायचो, रांगत्या पोरासारखा. लेक हसायची. आता राजासारखा उतरतो की नाही बघा!’’

ते वर गेले, आणि तिला राग आला. साधा, स्वच्छ राग, बऱ्याच वर्षांनी. ती खाली उतरू लागली तोच मामा जिन्याच्या पायथ्याशी आला.

‘‘झालं का गं, फूटपट्टी? सही करून टाक. माझा टेम्पो उभा आहे.’’

‘‘कशाला टेम्पो?’’

त्याने नकळत रेलिंगकडे पाहिलं.

‘‘मामा, हे पॉलिशला गेलं होतं ना?’’

तो हसला. हसण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. ‘‘अगं, तपासणीला रेलिंग लागतं. आहे ना? धरून बघ, हलतंय का? लोकांनाच नको असतं गं, कपाटं वर चढवताना अडतं. ज्याला हवं तो मागाहून लावून घेईल. आपले आजोबा-पणजोबा काय जिन्यावरून पडून मेले?’’

‘‘आणि वरचे काका?’’

‘‘त्यांना सांगू, पॉलिशला गेलंय.’’

इतक्या सहज. मग आवाज खाली घेऊन, अगदी प्रेमाने, ‘‘हे बघ, घरच्या माणसानं घरच्या माणसाला अडवायचं नसतं. तुझी आई माझ्या घरी आहे, ते मी कधी बोलून दाखवलं का?’’

दाखवलंस की, आत्ताच. आई डोळ्यांपुढे आली, मामाच्या घरात, ओट्याशी, पाठमोरी. आज हिने सही केली नाही तर संध्याकाळी तिथे काय होईल? काहीही होणार नाही, कोणी ओरडणार नाही, फक्त आईशी बोलणं बंद होईल, आणि आई ताटं मांडताना आवाज होणार नाही याची काळजी घेईल... आणि सही केली तर? तर उद्या वरचा म्हातारा दार उघडेल, सवयीने हात टाकेल, आणि हाताखाली गुळगुळीत भिंत असेल. बाकी तशी भिंत मीच पाहिली की, काल, त्या दुसऱ्या घरात, पुट्टीसकट.

ती बसली. ठरवून नव्हे. जिन्याच्या मधोमध, पायरीच्या कडेवर नव्हे, चांगली मागे सरकून, पाय पसरून, आणि एक हात रेलिंगवर.

टेम्पोबरोबरचा सुतार स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत आला आणि गोंधळून मामाकडे बघू लागला. ‘‘ताई, जरा बाजूला होता का? मला हे काढायचंय.’’

‘‘माझा हात आहे त्यावर,’’ ती म्हणाली. ‘‘आणि तो मी काढणार नाही.’’

‘‘खुळी आहेस का?’’ मामा म्हणाला. आणि मग तो शब्द, जुना, दोनच अक्षरांचा, ‘‘ऊठ.’’

तिने पायांची वाट पाहिली. खरंच पाहिली, ते आपले आपण उठतील असंच तिला वाटत होतं. पाय बसून राहिले. पोटात भीती होती, नव्हती असं नाही, आईसाठी तर फारच होती. पण ती भीती एका बाजूला आणि हे बसणं दुसऱ्या बाजूला, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसावा तसं.

‘‘तुझ्या आईला मी काय सांगू?’’

‘‘सांग, फूटपट्टी जिन्यात बसलीय.’’

वरती दार वाजलं. मग तळव्याखाली लाकडात बारीक थरथर सुरू झाली. शिंपीकाका उतरत होते. त्यांचा हात त्यांच्याआधी तिच्यापर्यंत पोचला, लाकडातून. ती वाट द्यायला सरकू लागली, सवयीने, भिंतीकडे...

‘‘बसा, बसा,’’ काका वरूनच म्हणाले आणि दांडी धरून उभे राहिले. ‘‘मला घाई नाही.’’

खाली मामा उभा होता, त्याच्यामागे सुतार, बाहेर टेम्पो. मलाही घाई नव्हती.