न निघणारा डाळिंबी रंग

“ओढू नकोस हात! चटका बसणारच,” असं म्हणत धाकटीने थोरलीचं मनगट दिव्याच्या पेटीत दाबून धरलं. “नखांचं कडक जेल आहे हे. सुकताना तापतं. तूच मागितलंस ना?”

“मी कुठे काय म्हटलं?” थोरली म्हणाली. तिच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं होतं.

धाकटी नखांचं काम करायची. दुकान म्हणजे बाजाराच्या गल्लीतलं एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर रंगांच्या बाटल्या. पण तिथे बसली की ती राणी. थोरलीचा सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून गेलेला. नख जरा वाढलं की रेशमी कापडात अडकतं, म्हणून तिने नखं कायम मुळापासून कापली. धाकटीच्या धंद्याला ती ‘लोकांचे नखरे रंगवणं’ म्हणायची. आणि आज भरदुपारी स्वतःच समोर येऊन बसली होती. “छोटे, लाव मला काहीतरी. न निघणारं.”

धाकटीला आकाश ठेंगणं झालं. पदर खोचून उभं राहावं तशा आवेशात तिने बाटल्या मांडल्या.

“हे बघ ताई, तुझी नखं पातळ. तुला भिजवून निघणारं जेल बरं. कंटाळा आला की रिमूव्हरचा ओला कापूस गुंडाळायचा, थोड्या वेळात सालासारखं सुटतं.”

“ते नको.”

“मग बिल्डर जेल लावू? जरा जाड बसतं, वाकतं पण तुटत नाही. मशीनवर बसणारीला एकदम छान.”

“ते कशाने निघतं?”

“तेही भिजवूनच. वेळ जास्त लागतो.”

“मग तेही नको. कशानेच निघत नाही असं काही नाही का तुझ्याकडे?”

“आहे की. कडक जेल. कशात विरघळत नाही. काढायचं तर घासूनच काढावं लागतं, आणि ते माझ्यासारखीनेच.”

“तेच लाव. आणि रंग असा दे, की लांबून दिसला पाहिजे.”

“अगं बाई! निघालीस तरी कुठे एवढी?”

“जरा गावाला,” थोरली म्हणाली आणि बाटल्यांकडे बघत राहिली. टेबलाखाली तिचा पाय मशीनचं पेडल मारावं तसा सारखा हलत होता.

येणाऱ्या प्रत्येक बाईला धाकटी तीन प्रश्न विचारायची. नखं खाता का, भांडी कोण घासतं, आणि दवाखान्यात भरती व्हायचं नाही ना? हा तिसरा प्रश्न तिला काम शिकवणाऱ्या बाईने घोकून घेतला होता. परक्या बाईला तो विचारल्याशिवाय तिने कधी बाटली उघडली नाही. पण घरच्या माणसाची उलटतपासणी कोण घेतं? तिने डाळिंबी रंग निवडला आणि दहाही नखं मन लावून केली. थोरली हात उलटेसुलटे करून बघत होती. “शोभतंय का गं मला?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी दुकान झाडत होती, तेवढ्यात भावोजींचा फोन आला. “तू हिच्या नखांना काय फासून ठेवलंयस? इथे सिस्टर घासून घासून थकल्या. निघेना! डॉक्टर म्हणतायत, नख मोकळं नसेल तर आज घेत नाही आत.”

“कुठे आत?”

“सांगितलं नाही का तिने तुला? पोटात गाठ आहे. आज ऑपरेशन.”

धाकटीचा झाडू तिथेच पडला. तिने नखं घासायची कानस पर्समध्ये कोंबली, कुलूप लावलं की नाही तेही तिला आठवेना, आणि रिक्षात बसल्यावर सबंध रस्ता ती स्वतःला शिव्या घालत होती. एक प्रश्न. साधा एक प्रश्न विचारला असता तर जीभ झिजली असती का?

थोरली हिरव्या झग्यात खाटेवर बसली होती. चष्मा नाही, कानातलं नाही, समोरच्या दातांची कवळीही काढून घेतलेली. तोंड एवढंसं झालं होतं. धाकटीने तिला इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

“नखाचा रंग आम्हाला दिसायला लागतो हो,” सिस्टर समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “दाबलं की पांढरं होतं, सोडलं की गुलाबी व्हायला पाहिजे. आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनचा चिमटाही नखावरच लावायचा असतो. एक बोट मोकळं करून द्या, म्हणजे झालं. पण लवकर.”

“गावाला चाललीस होय गं?” धाकटी खाटेच्या कडेला बसली. रागावायचं होतं, पण आवाज फुटला रडवेला. “मला का नाही सांगितलंस?”

“तू रडून गोंधळ घातला असतास. आता घालतेच आहेस.”

“आणि हे असलं, न निघणारंच कशाला हवं होतं?”

कवळी नसल्यामुळे थोरलीचे शब्द ओले येत होते. ती म्हणाली, “शेजारणीने सांगितलं होतं. इथे आल्यावर सगळं काढून घेतात म्हणे. कपडे, चष्मा, दातसुद्धा. म्हटलं, माझं म्हणून काहीतरी राहू दे अंगावर. त्यांना काढता येणार नाही असं.” मग ओशाळून हसली. “आणि तुझ्या हातचं असलं तर बरं.”

धाकटीने डोळे पुसले. “कुठलं बोट देतेस?”

थोरलीने उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. शिवताना अंगुस्तान घालायचं बोट. तेवढं दिलं तर बाकीची नऊ राहतील, हा हिशेब तिने आधीच करून ठेवला असावा.

धाकटीने डाळिंबी थर हलक्या हाताने घासून काढला, खालच्या पातळ नखाला ओरखडा जाऊ दिला नाही. शेवटी कापसाने पुसलं. खालचं नख फिकट, साधं, उघडं दिसू लागलं.

“आता मला न्या,” थोरली सिस्टरना म्हणाली, जणू तीच सगळ्यांसाठी थांबली होती.

दार बंद झालं आणि धाकटीच्या पायाला भिंगरी लागली. ती बाकावर बसली, उठली, पाण्याच्या नळापाशी गेली, पाणी न पिताच परत आली. भावोजी ताईच्या चष्म्याची डबी घट्ट धरून बसले होते. धाकटीच्या तळहाताच्या रेषांत डाळिंबी भुकटी बसली होती. ती धुवायला ती दोनदा उठली आणि दोन्ही वेळा तशीच परतली. एकदा दार उघडलं तेव्हा ती धावत पुढे गेली, पण तो कुणीतरी चादरी घेऊन निघालेला माणूस होता. नखं रंगवून रंगवून जन्म गेला आणि ताईचं नख आपण एकदाही नीट पाहिलं नाही, हे सारखं तिच्या मनात येत होतं.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. गाठ काढली, पुढचं तपासणीनंतर कळेल, एवढंच म्हणाले. भावोजींनी मान हलवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

सिस्टरनी धाकटीला घटकाभर आत सोडलं. थोरली झोपेत होती, ओठ कोरडे पडलेले. चादरीबाहेर उजवा हात होता. चार नखं डाळिंबी चकाकत होती आणि मधल्या बोटाला चिमटा लावलेला होता.

“जरा काढू का हो? एकदाच,” धाकटीने विचारलं.

सिस्टरनी तिच्याकडे बघितलं आणि चिमटा स्वतःच काढून धरला.

धाकटीने ते उघडं नख अंगठ्याने दाबलं. ते पांढरं पडलं. तिने सोडलं. मग कडेकडून, अगदी हळू, गुलाबी रंग परत आला.

तिने पुन्हा एकदा दाबलं.