कठड्यावरच्या मुली

कांजूरमार्गला मारुतीच्या देवळाला लागून मंडळाचं मैदान होतं. लाल मातीचं, रोज पाणी मारून चोपलेलं. चपला घालून कुणी त्यावर पाऊल टाकलं तर म्हातारे अंगावर धावून यायचे. रस्त्याच्या बाजूला सिमेंटचा बुटका कठडा होता, आणि १९८६ सालच्या त्या डिसेंबरात एका संध्याकाळी जानकी त्या कठड्यावर बसून आपल्याच संघाचा कबड्डीचा सराव बघत होती.

नुसती बघत होती म्हणणंही खरं नाही. डाव्या कोपऱ्यात, म्हणजे तिच्या जागेवर, मालन उभी होती. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा मालनच्या हातून निसटला की इकडे जानकीचे हात आपोआप पुढे जायचे. जानकीला ताप नव्हता की तिचा पाय मुरगळला नव्हता. ती बाहेरची होती, एवढंच.

मंडळाचा दंडक जुना होता. मैदान मारुतीचं, मारुती ब्रह्मचारी, तेव्हा ‘त्या’ चार दिवसांत मुलींनी मातीला पाय लावायचा नाही. बरं, घरी राहावं तर तेही नाही. हजेरी बुडाली की संघातून नाव जाई. म्हणून यायचं आणि कठड्यावर बसायचं. समोर पानाची गादी, शेजारी इस्त्रीवाला, आणि मुलग्यांचा संघ हातपाय मोकळे करत उभा. जी गोष्ट मुली घरात सख्ख्या भावापासून लपवत, ती मंडळ सगळ्या वस्तीला राजरोस दाखवत होतं. पोरं त्याला ‘रजा’ म्हणत.

“आज कोण रजेवर रे?” मुलग्यांच्या संघातल्या जयवंतने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

“डावा कोपरा,” दुसरा हसला. “वाट लागली पकडीची.”

जानकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ज्यांना या रक्ताचा विटाळ होतो, त्यांना त्यावर विनोद करताना मात्र विटाळ होत नाही, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

घरी तरी वेगळं काय होतं? चाळीतली दहा बाय बाराची खोली. तिथे ‘बाजूला’ बसायला बाजू होती कुठे? पण रूढीला जागा लागत नाही. जानकीची आई रुक्मिणी दाराजवळच्या कोपऱ्यात चटईची गुंडाळी आडवी टाके, आणि तिच्या पलीकडे लेकीचं ताट, तांब्या, गोधडी. गावाकडे मालवणात तिच्या सासूने तिला गोठ्याशेजारी बसवलं होतं. त्या मानाने आपण पोरीला घरात ठेवतो, असं तिला मनापासून वाटे.

जानकीचा या सगळ्यात एकच आधार होता, मृणालिनीताई. महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या, कधीकाळी मैदान गाजवलेल्या, आता मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक. जानकी सातवीत असताना त्यांनीच तिला शाळेच्या मागे मुलग्यांबरोबर खेळताना हेरलं होतं. “घोटा धरायचा तर नजर पायावर नको, कमरेवर ठेव. पाय फसवतो, कंबर फसवत नाही,” हे त्यांनीच शिकवलं. आणि गेल्या वर्षी तर त्यांनी जे केलं, त्यासाठी जानकीने त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या संघाबरोबर अंतिम सामना होता, याच मैदानावर. सकाळीच जानकीची पाळी आली. ती रडवेली होऊन ताईंकडे गेली आणि कानात सांगितलं. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. आता विसर. तू मला काही बोलली नाहीस, मी काही ऐकलं नाही. जा, डावा कोपरा सांभाळ.” जानकीने त्या दिवशी समोरच्या संघाला उभं राहू दिलं नाही. चषक मारुतीच्या पायाशी ठेवायचा मान तिलाच मिळाला. पुढे महिनाभर ती घाबरून होती, की आता घरात कुणी आजारी पडेल, कुणी पडेल-झडेल. काही झालं नाही. मारुतीने शेंदूर तसाच ठेवला आणि मंडळाने चषकावर नाव कोरून घेतलं.

यंदाची गोष्ट जास्त मोठी होती. मुंबईच्या मुलींच्या संघासाठी निवड करायला पुढच्या महिन्यात माणसं मंडळाच्या मैदानावर येणार होती. मुंबईकडून खेळलेल्या मुलींना बँका नोकरी देत. जानकीचे वडील शिवदास गिरणी बंद पडल्यापासून एका कारखान्यात पहारेकरी होते. वाकोल्याचं एक स्थळ चालून आलं होतं, मुलगा चांगला होता, पण पाहुण्यांची अट होती की मुलीने मांड्या थोपटणं बंद करावं. शिवदास लेकीला म्हणाले होते, “निवड झाली तर मी तेंका थांबवतंय. नाय झाली तर मे म्हयन्यात लगीन. मगे रडा नको.” ही गोष्टही जानकीने फक्त ताईंना सांगितली होती. ताई म्हणाल्या होत्या, “निवड होईल गं. मी आहे ना.”

आणि निवडीच्या दिवशी सकाळीच पुन्हा तेच झालं. ताणानं म्हणा, आठवडाभर आधी.

आता तुम्ही आम्ही म्हणू, कशाला सांगायचं? गुपचूप खेळायचं. पण ताईंपासून लपवायचं जानकीच्या मनातही आलं नाही. आईला तिने सांगितलं नाही, कारण आईने घराबाहेर पाठवलं नसतं. ताईंना सांगितलं, कारण ताई आपल्या होत्या. अडचणीच्या वेळी आपल्या माणसाला खरं सांगावं, इतकाच तिचा गुन्हा.

मैदानाच्या टोकाला मंडप घातला होता. निवड करणारे दोन गृहस्थ आणि एक बाई खुर्च्यांवर बसून चहा घेत होते. मंडळाचे अध्यक्ष भाऊराव त्यांच्या मागेपुढे करत होते. मालन ही भाऊरावांची सख्खी पुतणी. जानकी ताईंच्या जवळ गेली आणि गेल्या वर्षीसारखंच कानात बोलली.

ताईंनी मंडपाकडे पाहिलं. भाऊरावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी येईल असं जानकीला वाटलं होतं. आली ती सुटका. मोठा पेच आपोआप सुटला की माणूस जसा श्वास सोडतो, तसा ताईंनी सोडला.

“बरं झालं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, “मालन, डाव्या कोपऱ्यात तू. जानकी, कठड्यावर.”

“ताई, पण गेल्या वर्षी—”

“गेल्या वर्षी काय?” ताईंनी तिच्याकडे सरळ बघून विचारलं. डोळे अनोळखी होते. “नियम तुला माहीत आहेत ना? जा.”

जानकी गेली. पायांना वळण होतं कठड्याचं, ते घेऊन गेले. संघाची कर्णधार शुभा हिला गेल्या वर्षीचं सगळं ठाऊक होतं. तिने वाकून बुटांच्या नसलेल्या नाड्या बांधल्यासारखं केलं. अनवाणी खेळणाऱ्या मुलीने पायाशी काय शोधावं? मान वर करायची नव्हती, दुसरं काय.

निवडीचा सामना सुरू झाला. मालन वाईट नव्हती, कच्ची होती. ती घाबरून पायाकडे बघायची आणि फसायची. जानकीच्या ओठावर “कंबर बघ, कंबर” आलं आणि तिने ते गिळलं. तेवढ्यात मंडपातल्या बाई ताईंना म्हणाल्या, “मागच्या वर्षी तुमच्याकडे डाव्या कोपऱ्यात एक मुलगी होती. फार चपळ. तिच्यासाठी मुद्दाम आले मी. कुठे आहे ती?”

मंडप कठड्यापासून दहा-बारा पावलांवर होता, बोलणं ऐकू येत होतं. जानकीने कान दिले. ताई आता सांगतील. निदान आजारी आहे म्हणतील, उद्या बघा म्हणतील.

“ती ना?” ताई म्हणाल्या. “तिचं लग्न ठरलंय वाकोल्याला. खेळ सोडला तिने. काय करणार, आपल्या मुली अशाच गळतात.”

आणि वर त्यांनी खंत वाटल्यासारखी मान हलवली.

जानकीला आधी राग आलाच नाही. कुणीतरी पायाखालची फळी काढून घेतली आणि पडायलाही वेळ लागतोय, असं काहीसं झालं. विश्वासाने सांगितलेल्या दोन गोष्टी, आणि दोन्ही तिच्याच गळ्याशी लावलेल्या. शत्रूने घोटा धरला तर माणूस झटकून सुटायला बघतो. ज्याने चालायला शिकवलं त्यानेच धरला तर झटकायचं कसं? पण ‘खेळ सोडला’ हे शब्द तिच्या डोक्यात पुन्हा वाजले, आणि ती कठड्यावरून खाली उतरली. रस्त्याच्या बाजूला नाही, मैदानाच्या बाजूला.

खेळ थांबला. ओल्या मातीवर तिच्या अनवाणी पावलांचे ठसे उमटत गेले. ती मंडपापुढे उभी राहिली.

“मी खेळ सोडला नाही,” ती म्हणाली. “लग्न ठरलेलं नाही. मला पाळी आली आहे म्हणून कठड्यावर बसवलंय.”

हा शब्द त्या मैदानावर मोठ्याने कधीच उच्चारला गेला नव्हता. पानाच्या गादीवरची माणसं उठून उभी राहिली. भाऊराव ओरडले, “ए, बाहेर हो त्या मातीवरून. लाज नाही वाटत?”

“गेल्या वर्षी पण आली होती, भाऊराव. तशीच खेळले. तुमचा चषक मी याच हाताने मारुतीच्या पायाशी ठेवला. तेव्हा चाललं. ताईंना विचारा.”

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. एक ‘हो’ पुरला असता. ताईंनी हातातली शिट्टी बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, “मला असलं काही आठवत नाही. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

शुभा जमिनीकडेच बघत होती. निवड करणाऱ्या बाईंनी कप खाली ठेवला, दोन्ही गृहस्थांकडे पाहिलं. त्यातले एक घसा साफ करून म्हणाले, “हा मंडळाचा आतला प्रश्न आहे. आपण पुढे चालू करू या.” बाईंनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. सुशिक्षित माणसांचं हे ‘आतला प्रश्न’ फार उपयोगी पडतं. त्यात कुणाचंही रडणं बसतं.

संध्याकाळी मंडळाने मैदानावर गोमूत्र शिंपडलं, चषक धुतला आणि जानकीचं नाव संघातून काढलं. मालनची निवड झाली.

बातमी जानकीच्या आधी चाळीत पोचली होती. ती दारात आली तर चटईची गुंडाळी आडवी पडलेली. ती पलीकडे जाऊन बसली. शिवदास खाटेवर होते. “झाला समाधान?” ते म्हणाले. “आता वाकोल्याक निरोप धाडतंय.”

रुक्मिणी भाकऱ्या थापत होती. तिने हात धुतले. “गेल्या वर्साक तू तशीच खेळलंस, ता माका तेव्हाच ठावक होता,” ती लेकीला म्हणाली. “चादरीखाली तुझी फडकी सुकत होती. माका काय दिसूक नाय?”

जानकीने चमकून वर पाहिलं. “मग बोलली का नाहीस?”

“काय बोलतलंय? मी रोज वाट बघी, आता देव काय करता. काय्येक करूक नाय तेना.” रुक्मिणीने पदराला हात पुसले. “आणि तरीपण मी तुका हंयसर बसवत रवलंय. तुझी ताई वायट, तर मी काय चांगली?”

तिने वाकून चटई उचलली, गुंडाळी उलगडली आणि चुलीजवळ अंथरली. “उठ. हंय बस माझ्याकडे. जेव.” मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “येत्या वर्साक परत निवड असतली. तवसर लगीन नाय. वाकोल्याच्या पावण्यांका थांबाचा नसात तर जावंदेत.” शिवदास काहीतरी पुटपुटले. पण निरोप काही गेला नाही.

दोन दिवसांनी मालन घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. “मी नाव काढून घेणार नाही जानकी, खोटं कशाला बोलू? काकांनी पुढे केलं असलं, तरी मला खेळायचंय यार. पण त्या दिवशी तू उतरलीस ना...” वाक्य तिथेच सोडून ती म्हणाली, “तू संध्याकाळी ये मैदानाजवळ. रस्ता काय मंडळाच्या मालकीचा नाही.”

जानकी गेली ती बघायला म्हणून गेली, आतून तुटलेली. रस्त्याच्या पलीकडे इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी उभी राहिली. मालन आली, चपला काढल्या आणि सरळ जाऊन कठड्यावर बसली. थोड्या वेळाने आणखी एक मुलगी आली, तिच्याशेजारी बसली. मग बाकीच्याही, दोघी-दोघी करून. सगळ्यांत शेवटी शुभा आली; मैदानाच्या कडेला घुटमळली, समोर उभ्या जानकीकडे तिने एकदाच पाहिलं आणि टोकाला जाऊन टेकली.

मुलग्यांचा संघ हातपाय मोकळे करायचं सोडून बघत राहिला. “आज कोण रजेवर?” असं कुणीतरी सवयीने विचारलं, आणि उत्तर कुणालाच देता येईना.

मृणालिनीताई शिट्टी घेऊन आल्या. त्यांनी रांग पाहिली. “हे काय? आज सगळ्याच?”

“हो ताई,” मालन म्हणाली. “सगळ्याच. आणि उद्यापण.”

ताईंनी शिट्टी ओठाला लावली. वाजवली नाही. या कठड्यावर त्याही बसल्या होत्या, ऐन उमेदीची कितीतरी वर्षं. त्या वेळी त्यांच्या शेजारी कुणी येऊन बसलं नव्हतं. त्यांची नजर रस्त्यापलीकडच्या जानकीवर गेली. ती अजूनही वाट बघत होती, एका ‘हो’ची. आता दिला असता तरी तिने घेतला असता. तो न देताच ताई वळल्या आणि भाऊरावांच्या कचेरीकडे चालू लागल्या.

जानकीने रस्ता ओलांडला. मुली सरकल्या, तिच्यापुरती जागा झाली. कोण विटाळशी आणि कोण नाही, हे त्या संध्याकाळी मारुतीशिवाय कुणालाच कळलं नाही, आणि तो तर नेहमीप्रमाणे गप्पच होता. मैदान रिकामं पडलं होतं. उद्या तुमच्या गल्लीतल्या कठड्याजवळून जाताना, वाचकहो, एवढंच बघा की तुमची मुलगी तिथे एकटी तर बसलेली नाही ना.